पाटणकर सरांचं पोटॅशियम

गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत कोणाला बाळ झालं, की समोरच्या दारातले पाटणकर सर पेढा तोंडात टाकून म्हणतात, "माणसाचं आहे ना? मग चिंता नाही. रक्तपेशींत जन्मभर पोटॅशियमच राहणार."

सर पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. निवृत्तीनंतर वर्ग लिफ्टमध्ये भरतो. "कुत्र्याच्या पिल्लाच्या तांबड्या पेशी पोटॅशियमने भरलेल्या. काही आठवड्यांत त्या जातात, नव्या येतात, त्यांत सोडियम. कुत्रा तोच, माल वेगळा!" सावंत वहिनी गुडघे दुखत असूनही जिन्याने जातात.

प्राण्यांचा लळा आपल्याला नाही, हे सर बजावून सांगत. "मी रक्ताचा माणूस." भटक्या कुत्र्यांना आवारात खायला घालू नये, हा ठराव त्यांचाच. पार्किंगमधली कुत्री गाडीखाली गेली आणि तिचं पिल्लू सरांच्या घरी दिसलं, तेव्हा त्यांनी न विचारता खुलासा केला, "निरीक्षणासाठी ठेवलंय."

निरीक्षण बाटलीने दूध पीत होतं.

गेल्या आठवड्यात ते पिईना. पापडीच्या दवाखान्याने रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन सर माझ्या दारात आले. "पोटॅशियम चढलंय. मूत्रपिंडं गेली. संपलं." चष्मा हातात, डोळे ओले. आम्ही पिल्लू घेऊन रिक्षाने पापडी गाठली.

डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. रिपोर्ट वाचून ती अडखळली. "सर, नमुन्यातल्या पेशी फुटल्यात, खाली तसं लिहिलंय. आतलं पोटॅशियम बाहेर आलं. पिल्लाच्या पेशीत ते किती असतं, हे... तुम्हीच शिकवलंत."

सरांचे कान लाल झाले.

पुन्हा रक्त घेताना पिल्लू मला धरावं लागलं. जन्मभर जनावरांना सुया टोचलेले सर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे राहिले. पोटॅशियम ठीक निघालं. जंत होते. औषध मिळालं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेटचं नाव?"

सर पुटपुटले.

"मोठ्याने सांगा ना, काका."

सरांनी मोठ्याने सांगितलं. आजीने नातवाला लाडाने हाक मारावी, तसलं नाव. बाकावरची माणसं वळून बघू लागली.

परतताना पिल्लू सरांच्या शर्टात झोपलं होतं. सर रिक्षाबाहेर बघत म्हणाले, "पेशींचं विसरलो, हे सोसायटीत सांगा हवं तर. लाजच आहे, पण सांगा. नावाचं मात्र नको."

म्हणून ते इथे दिलेलं नाही.