काळझोत दुधनीस बसविला त्याची हकीकत

वीणा खांद्यावर घेऊन तिन्ही लोकी फिरणारे नारदमुनी यांसी प्रथम साष्टांग नमस्कार, आणि ज्याच्या वीस बाजूंवर भल्याभल्यांचे दैव लोळते त्या फाशासही नमस्कार असो. श्रोते सज्जनहो, सावध चित्ते बसावे. सिल्वासा परगण्यात, सामरवरणी मुक्कामी, चौथ्या माळ्यावरील बैठकीच्या खोलीत जो संग्राम जाहला त्याची हकीकत ऐकिली तशी लिहितो. पदरचा मीठमसाला कोठे पडला असेल तर तो प्रेमाने पडला, कपटाने नव्हे.

त्या घरचा बंदोबस्त ऐसा. राजश्री उदयपंत नाशिककर, सूत कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे सरदार. त्यांची पत्नी मेधाबाईसाहेब, दुसऱ्या कारखान्यात रंगखात्याच्या मुखत्यार. आणि उदयपंतांच्या मातोश्री नलिनीबाई, ज्यांनी नाशकात एक कीर्तन चुकविले नाही, पहिल्या रांगेतली जागा सोडिली नाही, आणि ज्या दिवाळीनंतर लेकाकडे राहावयास आल्या. दर रविवारी दुपारी मेधाबाई वीरांचा खेळ मांडीत. त्याचा दस्तूर हा की प्रत्येक गड्याने आपला एक महापराक्रमी वीर रचावा, त्यास शंभर पॉइंट मिळावे, उडणे, वीज फेकणे, अदृश्य होणे ऐशा शक्ती त्या पॉइंटांत खरेदी कराव्या, आणि कमी पडतील तर वीरास एखादी उणीव लिहून द्यावी, म्हणजे तिच्या बदल्यात आणखी पॉइंट पदरी पडत. शत्रू कोण, कोठे, काय करील, हे सूत्रधार या नात्याने मेधाबाई ठरवीत. एवढी एक दुपार त्या घरात सुनेचा हुकूम सर्वांवर चाले, सासूवरही.

ते समयी दोन संकटे एकदम उभी राहिली. पहिले ऐसे की काळझोत नामे महाखल, धुराचे शरीर, गर्जना केली असता समोरच्याचे धैर्य गळून पडे, तो मधुबन धरणाचे पाणी गिळावयास दुधनीच्या काठी येऊन ठाकला, आणि त्याजवर चालून जाण्यास तीन वीर पाहिजेत, तो तिसरा गडी प्रथमेश बदली होऊन पुण्यास रवाना जाहला. दुसरे संकट याहून मोठे. मातोश्रींनी सकाळच्या चहाला जाहीर केले की, "मंगळवारच्या गाडीनं मी नाशिकला जाते. इथं मला काम नाही. नुसतं पाहुणीसारखं बसून हाडं आखडली." शेजारच्या गौरीबेन त्यांस सत्संगास नेत असत, परंतु गुजराती कथेतला विनोद उमगून मातोश्रींस हसू येई तोवर बाकी मंडळी गंभीर जाहलेली असे, आणि मग सगळी सभा वळून पाही. उदयपंतांनी मुकाट गाडीचे तिकीट काढिले. मेधाबाईंचा जीव मात्र थोडा थोडा जाहला, कारण संध्याकाळी कामावरून आल्यावर चहासोबत दिवसभराचे रामायण ऐकून घेणारे माणूस त्यांस जन्मात प्रथमच लाभले होते, आणि ते गेले म्हणजे घरात बोलावयास उरत उदयपंत, आणि उदयपंत उरत मोबाइलात.

मग मेधाबाईंनी मसलत केली आणि हुकूम सोडिला की तिसरा वीर मातोश्रींनी रचावा.

उदयपंत बोलिले, "अगं, आईला हे कसं जमणार?"

मातोश्री बोलिल्या, "तुला जमतं ना? मग?"

येणेप्रमाणे रविवारी बैठक भरली. उदयपंतांचा वीर तारांवरून विजेसारखा धावणारा. त्यांचे स्नेही पराग, जे कारखान्यात मालाची तपासणी करीत आणि खेळात नियमांची, त्यांचा वीर गगनात उडणारा. पराग यांनी खाऱ्या पाण्याने शक्ती जाते ऐसी उणीव लिहून वीस पॉइंट उपटिले होते. मेधाबाईंनी ती नजरेस येताच विचारिले की दुधनीस समुद्र कोणत्या बाजूस आहे. पराग यांनी धरणाकडे पाहिले, म्हणजे नकाशात, आणि पुस्तक मिटिले. वीस पॉइंट जप्त जाहले, आणि वीर दुसऱ्या मजल्याच्या वर उडेना.

मग मातोश्रींची पाळी आली. वीराचे नाव काय, ऐसे पुसता त्यांनी 'नलिनी' हेच सांगितले. "दुसरं ठेवलं आणि कुणी हाक मारली तर मला कळायला नको?" मुखवटा नाकारिला, कारण चष्मा कोठे घालावा. मग उणिवांची वेळ आली तेव्हा मातोश्री गहिवरून सरसावल्या. खोटे लिहिणे त्यांस मंजूर नव्हते. दोन्ही गुडघे सांगितले, डावा कान सांगितला, कोणास नाही म्हणता येत नाही हेही सांगितले, आणि मेधाबाई एकेकास पॉइंट बहाल करीत गेल्या, तो तीस पॉइंट वाढले.

"दुखण्याचे पॉइंट मिळतात?" मातोश्री थक्क जाहल्या. "इतकी वर्षं फुकटच दुखले की गं!"

ऐसी दौलत हाती येताच त्यांनी पहिली गोष्ट ही केली की पराग यांचा हिरमुसला चेहरा पाहिला आणि पंक्तीत वाढावे तसे वीस पॉइंट त्यांचेकडे सरकविले.

पराग दचकले. "काकू, असे देता येत नाहीत."

"का? उष्टे आहेत का?"

"नियमात नाही."

"अरे घे. तू दुसऱ्या मजल्यावर लोंबकळत राहशील आणि मी इथं भरल्या ताटावर बसू? घशाखाली उतरायचं नाही."

पराग यांनी नियमांचे पुस्तक आदिपासून अंतापर्यंत चाळिले. देऊ नये ऐसे कलम कोठेही सापडले नाही, कारण पुस्तक लिहिणारास ऐसी बाई भेटली नव्हती. पॉइंट त्यांनी घेतले आणि मान खाली घालून बसले.

मग शक्तीचा विचार निघाला. मातोश्री बोलिल्या की मारामारी नको, शत्रूने बसावे. "उभ्या माणसालाच राग चढतो. बसला की निम्मा उतरतो. मी कीर्तनाला उभी राहीन, तो बसेल. झालं."

पराग यांनी हरकत घेतली की प्रत्येक शक्तीस अंत पाहिजे, किती वेळ बसेल ते लिहावे, अर्धा तास बहुत जाहला.

"अर्धा तास?" मातोश्री संतापल्या. "अर्ध्या तासात तर नमन होतं. आरती झाली की उठेल. त्याआधी कोण उठतं?"

"आणि काकूच निघून गेल्या तर?"

"तर तोही उठेल. पण मी कशाला जाईन? कीर्तन टाकून जातं का कुणी?"

मेधाबाई हे ऐकून गालात हसल्या आणि कलम मंजूर केले: आरती होईतो शत्रू उठणार नाही, गाणारीने मध्येच जागा सोडिली तर शक्ती मोडेल. बंधने फार, म्हणोन शक्ती स्वस्तात पडली. पराग समाधान पावले.

चहा जाहला आणि फौज दुधनीस कूच करिती जाहली. उदयपंतांचा वीर तारांवरून धावत गेला, तो काळझोताने खांबच उपटिला. पराग यांचा वीर मेघांपर्यंत चढला, तो धुरात दिशा चुकून दूर रांधा गावच्या शेतात उतरला. मग काळझोताने तोंड वासिले आणि धैर्य गाळणारी गर्जना केली. मेधाबाईंनी फासा टाकिला. परिणाम भयंकर. वीस बाजूंपैकी मोठी तीच वर आली.

"कुठल्या बाजूनं ओरडला?" मातोश्रींनी पुसले.

"डावीकडून."

"मग मला काय कळणार? त्याला म्हणावं, इकडे येऊन बोल बाबा, जरा मोठ्यानं."

पराग यांनी पुस्तक उघडिले आणि मिटिले. डावा कान दप्तरी नोंदलेला होता. मग मातोश्री खरोखरीच खुर्चीवरून उठल्या, गुडघे धरून उठल्या, पदर खोचिला, आणि काळझोतास उद्देशून खड्या आवाजात नमन सुरू केले. फासा टाकिला तो अनुकूल पडला. काळझोत बसला. धरणाच्या काठी, मांडी घालून, धुराचा तो डोंगर बसला. पूर्वरंग ऐसा रंगला की उदयपंतांनी मोबाइल पालथा ठेविला, पराग ताल धरू लागले, आणि उघड्या दारातून गौरीबेन आत येऊन कधी बसल्या ते कोणास कळले नाही. मातोश्रींनी क्रोधावर निरूपण केले, त्यात उदयपंतांच्या लहानपणचे दोन दाखले दिले, आणि यावेळी विनोदास सभा वेळेवर हसली. पूर्वरंग संपला. तोंच मेधाबाईंनी हात वर करून फर्मान काढिले की आजचा खेळ येथेच थांबला.

"अगं, उत्तररंग राहिला!"

"पुढच्या रविवारी, आई."

"मी मंगळवारी जाते ना?"

मेधाबाई शांतपणे बोलिल्या, "मग तुम्ही जागा सोडली असं होईल. काळझोत उठेल. धरण जाईल. कलम तुमचंच आहे."

मातोश्रींनी पराग यांजकडे पाहिले. पराग यांनी पुस्तकात पाहिले आणि जड अंतःकरणाने मान डोलाविली. मातोश्रींनी तोड काढिली की आत्ताच आरती करून मोकळे व्हावे.

"नुसत्या पूर्वरंगावर आरती?" मेधाबाई बोलिल्या. "नाशकात चाललं असतं?"

मातोश्रींनी सुनेकडे टक लावून पाहिले. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

"लबाड आहेस," त्या बोलिल्या. "उदय, ती गाडी रद्द कर. माणूस बसवून ठेवलाय तिकडे पाण्यावर, आणि मी काय नाशकात भाजी निवडत बसू?"

येणेप्रमाणे काळझोताचा पाडाव जाहला, रक्त सांडिले नाही, आणि फत्ते नलिनीबाईंचे नावे दप्तरी दाखल केली. पुढील रविवारी उत्तररंगास आख्यान लाविले, त्यातून उपाख्यान निघाले, त्यास फाटा फुटला. काळझोत अद्याप दुधनीस बसून आहे. त्याने बुक्का लावून घेतला, अलीकडे टाळीही बरोबर धरितो, ऐसे सूत्रधारांचे म्हणणे. आरतीचे तबक मातोश्री दर रविवारी मांडून ठेवितात, निरांजनात वातही घालितात. काडेपेटी तेवढी मेधाबाईंचे ताब्यात आहे, आणि सासूबाईंनी ती अद्याप मागितली नाही.