कापडाचे टोक

फुआतिनोच्या शिवणघरात त्या दिवशी सकाळपासून एकही मशीन चालले नव्हते. चारही मशिने उचलून मागे, चुलीच्या छपराखाली नारळाच्या सोडणांशेजारी नेऊन ठेवली होती. एरवी जिथे इस्पितळाच्या चादरी शिवल्या जात, तिथे आता चटया अंथरल्या होत्या आणि खांबाखांबाला जास्वंद बांधली होती. हे सगळे तिच्या काकांनी, म्हणजे लेउतांनी, करवून घेतले होते.

"काका, मशिनं इथंच असू द्या," फुआतिनो तिसऱ्यांदा म्हणाली. "तो मशिनंच बघायला येतोय."

"पाहुण्याला मशिनं दाखवायची? लोक काय म्हणतील, बसायला जागा नव्हती यांच्याकडे?"

"पाहुणा नाही हो तो. तपासनीस आहे."

"चपला बाहेर काढून आत येणार ना?"

"येणार."

"मग पाहुणाच," असे म्हणून लेउतांनी विषय संपवला आणि डुक्कर कुठले कापायचे ते बघायला ते मागे गेले.

या सगळ्याचे मूळ नव्या नियमात होते. आधी सरकारला चादरी, बाके, झाडू असले काही पुरवायचे, तर लहान धंद्याचा दाखला लागे आणि तो मिळवणे सोपे होते. गावच्या सरपंचाने दोन ओळी लिहून द्यायच्या, खात्याने शिक्का मारायचा. पण राजधानीतले बडे दुकानदार हुशार निघाले. ते आपल्या स्वयंपाकिणीच्या, नाहीतर ड्रायव्हरच्या आईच्या नावावर लहान धंदा दाखवून सरकारी कामे उचलू लागले. एका स्वयंपाकिणीला, आपण रस्त्याच्या खडीचा धंदा करतो, हे दुसऱ्याकडून कळले. तिने त्याच दिवशी मालकाकडे पगारवाढ मागितली, आणि तिथून बोभाटा झाला.

म्हणून खात्याने नियम बदलले. आता तपासनीस स्वतः येणार, अर्धा दिवस थांबणार आणि आपल्या डोळ्यांनी बघणार, की कामाचे बोलते कोण, हुकूम सोडते कोण आणि बाकीचे ऐकतात कोणाचे. कागदावर नाव असलेला माणूसच धंदा चालवताना दिसला, तर दाखला. नाहीतर काम दुसऱ्याला. नियम चांगलाच होता. फक्त तो लिहिणारे खुर्च्यांवर बसून लिहीत होते, आणि सालेवाई गावात खुर्च्या नव्हत्या. तिथे कोण कुठल्या खांबाला टेकून बसतो, यावर सगळे ठरत असे. पुढचे खांब मताईंचे, म्हणजे घराण्याचे पद ज्यांना मिळाले आहे त्यांचे. ज्यांना पद नाही त्यांनी मागे राहायचे, वाढायचे आणि पाहुण्यापुढे तोंड उघडायचे नाही. घराण्याच्या वतीने बोलायचे ते लेउतांनी. ते घराण्याचे वक्ते होते. हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी.

फुआतिनोला पद नव्हते. तिच्याकडे मशिने होती.

"आई, तुम्ही मागं बसून ताटं वाढणार," तिची सून सेउला भाजीची पाने निवडता निवडता म्हणाली, "मग तो काय लिहून नेणार? वाढपी बाई चांगली आहे?"

"मग काय करू? काकांना सांगू, तुम्ही उठा, मी बसते?"

"तुम्ही नका सांगू. मी जाते ऑस्ट्रेलियाला सफरचंदं तोडायला."

ती हे हसत बोलली, पण तिकडे मजुरीला जाणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव खरेच लागले होते. इस्पितळाचे काम गेले तर शिवणघरात चौघींना पुरेल एवढे काही उरणार नव्हते. सेउलाची मुलगी अजून कडेवरून उतरत नव्हती. फुआतिनो तिच्याकडे बघणे टाळत होती.

बोटीला उशीर झाल्यामुळे तपासनीस दुपारी आला. सेमिसी त्याचे नाव. तिशीतला, सडपातळ, काखेत बोटाने लिहायची एक काचेची पाटी. खात्याने त्याला बजावले होते, की उभे राहायचे, फिरायचे, बघायचे. पण त्याची आईही अशाच गावची. पुढच्या खांबांना टेकून बसलेली पदवाली माणसे दिसताच तो आपसूक वाकला, वाकूनच आत आला आणि मांडी घालून बसला. एकदा बसल्यावर तो पाहुणा झाला.

पाहुण्याच्या स्वागताला आवा या मुळीच्या पेयाची वाटी फिरली. लेउता काठी टेकून उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात हे बेट समुद्रातून वर आले तिथपासून केली. शिवणकामापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागणार होता. सेमिसीने एका श्वासाची फट शोधून विचारले,

"हा धंदा कोण चालवतं?"

"ज्यानं हा समुद्र चालवला, त्यानंच."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर आमचं घराणं."

"घराण्यात कोण?"

लेउतांना प्रश्न फारच उघडावाघडा वाटला. त्यांनी चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि समुद्राकडे बघितले.

"बरं," सेमिसी म्हणाला, "आठवड्याला किती चादरी होतात?"

आता लेउतांनी मागे बघितले. मागच्या खांबाआडून फुआतिनो हळूच म्हणाली, "साठ." सेउलाने ते काकींच्या कानात सांगितले, काकींनी लेउतांच्या. साठ हा आकडा लेउतांना पाहुण्यापुढे ठेवायला किरकोळ वाटला.

"एवढ्या," ते म्हणाले, "की सगळं बेट आजारी पडलं तरी उघड्या गादीवर कुणी झोपणार नाही."

सेमिसीचे बोट पाटीवर थांबून राहिले.

जेवणाआधी एक बाई हात धुवायला पाण्याचा वाडगा आणि टॉवेल घेऊन आली. सेमिसीने हात बुडवता बुडवता हळूच विचारले, "मावशी, फुआतिनोबाई कुठं आहेत? केव्हापासून दिसत नाहीत."

"मीच ती."

सेमिसीने वाडग्याकडे बघितले, मग तिच्याकडे. "मग पुढं या ना. बोला."

"तुझ्या आईच्या गावात तू बोलशील? पद नसताना?"

त्याने टॉवेल घेतला. "नाही."

"मग?"

"पण मावशी, तुम्ही हुकूम सोडताना मला दिसलं पाहिजे. एक तरी. कुणालाही. नाहीतर मी लिहू काय?"

फुआतिनोने आजूबाजूला बघितले. पुढे सगळे पदवाले. बाजूला काकी, त्या वयाने मोठ्या. ती मागे वळली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "सेउला, मीठ आण गं."

"हे नाही चालणार," सेमिसी कुजबुजला. "मीठ माझी आईसुद्धा मागते."

पुढे जे झाले त्याला खरे म्हणजे कोणाचाच वाईट हेतू कारण नव्हता. पाहुण्याला भेट देऊन पाठवायचे असते. भेटीसाठी ठेवलेल्या बारीक विणीच्या चटया होत्या, त्या मागच्या महिन्यात एका मयतीत गेल्या होत्या. लेउतांची नजर शिवणघराच्या कोपऱ्यात गेली. तिथे पांढऱ्या कापडाचा नवा गठ्ठा होता. कापडही भेट म्हणून चालते. त्यांनी काकींना खूण केली. फुआतिनो त्या वेळी मागे भट्टीतून डुक्कर काढत होती.

काकी आणि त्यांच्या दोघी बहिणींनी गठ्ठा सोडला, कापड डोक्याच्या वर धरले आणि चटया मिरवतात तसे आरोळ्या देत ते हिरवळीवरून मिरवत आणले. पांढऱ्याशुभ्र कापडाची लांबच लांब पट्टी वाऱ्यावर फुगली. लोकांनी हुंकार दिला. सेमिसीने मात्र काठावर छापलेली खूण वाचली. चादरी शिवायला इस्पितळानेच दिलेले, सरकारचे कापड होते ते.

"मला भेट घेता येत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "नियम आहे."

लेउतांना हा विनय वाटला. चांगल्या घरचा मुलगा पहिल्याच खेपेला हो म्हणत नाही. "डुक्करही द्या," त्यांनी सांगितले.

"नको, नको!"

"अख्खं द्या."

"अहो, हे सरकारचं कापड आहे. सरकारच्याच माणसाला कसं देता?"

"मग दुसऱ्या कुणाला देणार?" लेउता म्हणाले. त्यांना ते फार योग्य वाटत होते.

सेमिसीला घाम फुटला. घ्यावे तर नोकरी जाते, न घ्यावे तर सगळ्या घराण्याचा अपमान, आणि पाटीवर अजून एक अक्षर नाही. तेवढ्यात समुद्रावरून वाऱ्याचा एक झोत आला. काकींचे म्हातारे हात थकले होते. कापडाचे एक टोक खाली आले आणि भट्टीच्या काळ्या दगडांकडे सरकू लागले.

नेमकी त्याच वेळी फुआतिनो मागून आली. हातात केळीच्या पानातले डुकराचे मांस. तिने कापड बघितले. मांस खाली पडले.

"थांबा! कुणी हलायचं नाही! काकी, हात वर! काका, ती काठी टाका आणि ते टोक धरा. तसं नाही, चिमटीत नाही, मुठीत! तुम्ही तिघं बसलात काय, उठा, मधे धरा. ताणा! सेउला, काळं लागलंय का बघ खालून. आणि तू, पाटीवाल्या! बघत काय बसलायस? ठेव ती खाली, हे टोक घे. आता या माझ्याकडे. दुमडा. मागं जा. ताणा. परत या. सरळ! काठाला काठ!"

काठाला काठ लागला. मताई हिरवळीवर ओळीने पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. लेउतांच्या खांद्यावरची चवरी गळून पडली ती कोणी उचलली नाही. रागवायला कोणालाच वेळ मिळाला नाही. बघता बघता कापडाची चौकोनी घडी फुआतिनोच्या हातात आली. तिने ती उलटसुलट करून बघितली. डाग नव्हता.

मग तिने मान वर केली आणि तिला आपल्यासमोर धापा टाकत उभी असलेली पदवाली माणसे दिसली. ती गवतावर बसली, मान खाली घालून.

"काका, चुकले मी."

लेउतांनी वाकून काठी उचलली. तिला लागलेले गवत झटकले. मग म्हणाले, "मुठीत धरायचं असतं, हे मला माहीत नव्हतं."

सेमिसीने पाटी उचलली आणि पहिल्यांदाच तिच्यावर भराभर काहीतरी लिहिले. जागेवर बसून खाल्लेले भेटीत धरत नाहीत, म्हणून तो पोटभर जेवला आणि रिकाम्या हाताने बोटीवर चढला.

सोमवारी गावसभा भरली. पद नसलेल्या बाईने पाहुण्यादेखत पदवाल्यांना हुकूम सोडले होते. दंड ठरलेलाच होता, आणि फुआतिनोने डुक्कर बांधून तयार ठेवले होते. पण सभेत एक अडचण निघाली. सगळ्यात म्हाताऱ्या मताईंनी ती सांगितली.

"दंड करू हो. पण लोक विचारतील, तुम्ही ऐकलंत कशाला?"

पदवाल्यांनी ऐकले होते हे गावभर झाले होते. झाडावरच्या पोरांनीसुद्धा बघितले होते.

"आपण पद नसलेल्या बाईचं ऐकलं असेल," लेउता सावकाश म्हणाले, "तर ते फार वाईट झालं. पण पद असलेल्या बाईचं ऐकलं असेल, तर काहीच झालं नाही."

फुआतिनोच्या आजोबांचे पद कितीतरी वर्षे रिकामे होते. घराण्यात सर्वांत मोठे. ते तिला देण्यात आले आणि सरकारी खाती करतात तसे मागच्या तारखेपासून लागू करण्यात आले. तपासणीच्या आदल्या दिवसापासून. दंडासाठी बांधलेले डुक्कर पदाच्या जेवणात गेले.

दाखला आला. सेउलाने यादीतून नाव काढून घेतले. तिची मुलगी मशिनाच्या पायडलवर बसून डुलायला शिकली. मशिने काही पुन्हा चुलीकडे गेली नाहीत.

दाखल्याची मुदत एका वर्षाची होती. वर्षाने सेमिसी पुन्हा आला, वाकून आत शिरला, मांडी घालून बसला आणि त्याने पुढच्या खांबाकडे बघितले. तिथे फुआतिनो बसली होती. गळ्यात लाल बियांची माळ, पाठ ताठ. त्याला हायसे वाटले.

"मावशी, धंदा कोण चालवतं?"

फुआतिनोने ओठ उघडले आणि मिटले. एवढ्या मोठ्या पदाच्या माणसाने पाहुण्यापुढे स्वतः बोलायचे नसते. तिच्या वतीने तिचा वक्ता बोलतो. लेउता काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"ज्यानं हा समुद्र चालवला..."

सेमिसीने डोळे मिटून घेतले. नियम तोच होता. त्याला दिसायला हवे होते, आणि दिसत होती ती गप्प बसलेली एक बाई. मागच्या खांबाशी मुलीला मांडीवर घेऊन बसलेली सेउला आता हसत नव्हती. बेट समुद्रातून वर येईपर्यंत सेमिसीने धीर धरला. मग त्याने पाटी खाली ठेवली, वाकून कोपऱ्यात गेला आणि पांढऱ्या कापडाचा गठ्ठा उचलून बाहेर हिरवळीवर नेला.

"मला जरा कापड तपासायचंय," तो म्हणाला. एक टोक हातात ठेवून त्याने बाकीचे वाऱ्यावर सोडून दिले.

लेउतांचे भाषण मधेच थांबले. कोणी काही म्हणायच्या आत काठी टाकून ते बाहेर धावले, गवताला टेकू पाहणारे दुसरे टोक त्यांनी पकडले, मुठीत, आणि मान वळवून पुढच्या खांबाकडे बघत उभे राहिले.

सगळे तिकडेच बघत होते.

फुआतिनो जागची हलली नाही. पाठ तशीच ताठ ठेवून ती म्हणाली, "ताणा."