ओर्विन गुरुजी हिंदीत आले

टीव्हीवर भाषांची यादी आली आणि रुचितानं पटकन 'हिंदी'वर बटण दाबलं. लहानूजींनी खिशातून चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसून नाकावर चढवला आणि हवेत बोट फिरवत पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, "राख... गड... में... आप... का... स्वागत... है."

"वा बाबा!" रुचितानं टाळ्या वाजवल्या.

तिच्या नवऱ्यानं, प्रशिकनं, मात्र टाळी वाजवली नाही. हा खेळ बापाच्या पासष्टाव्या वाढदिवसाला त्यानंच आणला होता. आठ वर्षांनी नवा भाग आला होता. दोन दिवस लावून त्यानं तो इंटरनेटवरून उतरवला, आणि त्यात आता हिंदी मजकूर आहे हे कळल्यावर तर त्याला भरूनच आलं. रुचितानं दोन हिवाळे समोर बसवून सासऱ्याला अक्षरं शिकवली होती. आता बाबा स्वतः वाचतील, कोणाच्या तोंडाकडे पाहणार नाहीत. इथपर्यंतचा विचार त्यानं केला होता. बाबा नेमकं काय वाचतील, एवढा विचार तेवढा राहून गेला होता.

राखगड या घरात एकवीस वर्षांपासून होता. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, मिलच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक लहानूजी सायकलच्या कॅरिअरला बांधून बीरगावच्या घरी घेऊन आले. राखगडचा पहिला भाग त्यात आधीच भरलेला होता. ऑफिसातली माणसं दिवसभर काय काम करत होती, ते घरच्यांना तेव्हा कळलं. लहानूजी भट्टीवरचे कामगार. त्यांना सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. प्रशिक इंग्रजी शाळेत पाचवीला. तेव्हा ठरलं असं, की पोट्ट्यानं वाचून सांगायचं आणि बापानं लढायचं.

राखगडात ओर्विन नावाचा पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा होता. खरं पाहिलं तर तो एक नंबरचा ठग. औषध म्हणून विष विकायचा, तलवार घेऊन पळायचा, शेवटी राक्षसांना जाऊन मिळायचा. पण दहा वर्षांच्या प्रशिकनं ती दाढी पाहिली आणि बापाला सांगितलं, "हे गुरुजी आहेत बाबा. ते म्हणतात, अभ्यासाच्या पोराले संध्याकाळी पाणी भराले धाडू नये."

लहानूजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून नळावर बादली घेऊन ते स्वतः उभे.

मग काय, चटकच लागली. गुरुजी तलवार घेऊन पळाले, ते धार लावायला. राक्षसांकडे गेले, ते हेरगिरीला. तिसऱ्या भागात गुरुजी म्हणाले, तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या माणसाचा वास ड्रॅगनला कोसावरून येतो. लहानूजींनी खिशातली पुडी त्याच पावली भिंतीपलीकडे फेकली. डॉक्टर चार वर्षं घसा खरवडून सांगत होता ते एका वाक्यात झालं, आणि गेली चौदा वर्षं टिकलं. चौथ्या भागात गुरुजींनी मुलींना शिकायला लांब पाठवायला सांगितलं, तेव्हा धाकटी लेक मीरा नागपूरला नर्सिंगला गेली. लहानूजी हे बोल मिलच्या गेटवर सांगत. शेजारच्या दोन भावांचं भिंतीचं भांडण त्यांनी गुरुजींचा दाखला देऊनच मिटवलं होतं.

आणि आता बापाच्या नाकावर चष्मा होता. आज जर त्यानं ओर्विनचं खरं बोलणं वाचलं, तर आपण आयुष्यभर एका चोराचं ऐकत आलो हे त्याला कळणार. नंतर तो खर्रा मागवणार, की आपल्याला घराबाहेर काढणार, एवढाच प्रश्न प्रशिकपुढे उरला होता.

"बाबा, ही हिंदी मशीनची असते. चुकीची राहते," प्रशिक म्हणाला. "इंग्रजी लावू? मी वाचतो ना."

"काहून? या पोरीनं दोन साल माहं डोस्कं खाल्लं ते काहाले मंग?"

"इंग्रजीत मजा जास्त येते."

"तुले येते. मले तं आतापर्यंत तुह्या तोंडूनच आली."



आधी नायकाचा चेहरा बनवायचा होता. जुन्या भागांत तीन तयार चेहरे असत, त्यातला कमी वाईट निवडायचा. इथे नाकांचेच चाळीस प्रकार होते. लहानूजींनी चाळीसही पाहिले.

"एकबी नाक आपल्या इकडचं नाई," ते म्हणाले. "इतकी वर्ष लावली, इतके लोक कामाले, आन् एकाच्याबी घरी पसरट नाक नसन?"

शेवटी एका राक्षसाचं नाक मिळालं, ते हुबेहूब जमलं. मिशांना अर्धा तास गेला. नायकाचं नाव 'लहानू' पडलं, आणि त्याला पाहून लहानूजी इतके खूश झाले, की त्यांनी लगेच फोन लावला. "हरिदास, येऊन जाय. आज गुरुजी बोलणार हायेत. मी सोता वाचून दाखवतो."

हरिदास म्हणजे भट्टीवरचा त्यांचा जोडीदार. गुरुजींचे बोल त्यानं वीस वर्षं ऐकले होते, गुरुजींना पाहिलं नव्हतं. तो दहा मिनिटांत हजर झाला आणि चप्पल काढून, हात जोडून टीव्हीपुढे बसला.

प्रशिक उठला, पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि त्यानं मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला.

"लाइट गेली!" तो ओरडला. "आता येत नाही दोन घंटे."

"बरं झालं," आतून लहानूजींचा आवाज आला. "तवरिक मिलवाल्यायले फोन करतो. सगळेच येतीन."

त्यांनी चौघांना फोन केले. एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची कमला म्हणाली, "हमर घर म तो लाइट हे, कका!"

लहानूजी बाहेर आले, मीटरपाशी गेले आणि त्यांनी स्विच वर केला. "कोणतं पोट्टं शैतानी करून राहिलं?" त्यांनी गल्लीत नजर फिरवली. गल्लीत एक कुत्रं होतं. त्यानं तोंड फिरवलं. चौघे मिलवाले येऊन पोचले, आणि इतके लोक कशाला जमताहेत ते पाहायला कमलाही मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. म्हणजे प्रशिकनं एक स्विच ओढून एका पाहुण्याचे सहा केले होते.

खेळ सुरू झाला. पडद्यावर सूचना आली. लहानूजींनी ती पूर्ण वाचली. "चल... ने... के लिए... बटन... दबाएँ. आता मले चालाले शिकवते हा! पासष्ट वर्ष चालूनच राहिलो ना मी?"

मग त्यांनी पळायची सूचना वाचली, वाकायची वाचली, उडी मारायची वाचली. हरिदास पेंगायला लागला. पुढे रस्त्यावरचा प्रत्येक फलक आला. लहानूजी घोडा थांबवत, फलक वाचत, मगच पुढे जात. गाव, नदी, डोंगर, सगळं चकचकीत होतं. पाण्यात घोड्याची सावली हलत होती. रस्ता तर एवढा रुंद, की दहा घोडे एका रांगेत जावेत.

"कसा वाटला बाबा नवीन भाग?" रुचितानं विचारलं.

"इतका मोठा रस्ता आन् एक माणूस नाई," लहानूजी म्हणाले. "हे तं नवा रायपूर झालं. पहिले झाडं ठोकळ्यावानी होते, पण दर झाडाखाली कोणी ना कोणी बोलाले तं राहे."

"बाबा, इथून पुढं कठीण आहे," प्रशिक म्हणाला. "द्या, मी पार करून देतो."

त्यानं खेळण्याचं रिमोट जवळजवळ हिसकावलंच. ओर्विनची झोपडी दर भागात उत्तरेला असते हे त्याला माहीत होतं. त्यानं घोडा दक्षिणेकडे असा पळवला, की हरिदास जागा झाला. पण या भागात कंपनीनं एक सुधारणा केली होती. आधी लोकांना शोधत जावं लागायचं. आता लोकच तुम्हाला शोधत येत. पुलाच्या मधोमध घोडा आपोआप थांबला, वाजंत्री वाजली आणि समोर पांढरी दाढी उभी राहिली.

"गुरुजी!" लहानूजींनी रिमोट परत घेतलं.

"हेच का?" हरिदासनं वाकून नमस्कार केला. मिलवाले सरसावून बसले. प्रशिकची आई कांताबाई हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

ओर्विननं तोंड उघडलं, आणि खाली ठळक हिंदी अक्षरं उमटली: 'मूर्ख! तेरे बाप को भी मैंने ही ठगा था. अब तेरी बारी है.'

लहानूजींचं बोट हवेत उठलं. "मू..." ते म्हणाले आणि थांबले. ओठ हलत राहिले, आवाज बंद झाला. बोट शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं, परत पहिल्यावर आलं, पुन्हा शेवटपर्यंत गेलं. मग त्यांनी चष्म्यावरून प्रशिककडे पाहिलं.

प्रशिक फरशी पाहत होता. फरशीवर चार ठिकाणी तडे होते.

"काय म्हणून राहिले गुरुजी?" हरिदासनं विचारलं. त्याला अक्षर येत नव्हतं. मिलवाल्यांची तीच गत. कमलाला दारातून अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. "लहानूभाऊ, वाच ना बे!"

लहानूजींनी घसा साफ केला. "बेटा," त्यांनी वाचलं, "तुझ्या... बापाला... मी ओळखत होतो. लई... भला... माणूस होता."

"वा!" हरिदास म्हणाला.

रुचितानं पडद्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. प्रशिकनं दोन्ही हात जोडले. तिनं तोंड मिटलं, पण डोळे मोठेच राहिले.

ओर्विननं झोळीतून हिरवी बाटली काढली. खाली लिहून आलं, 'यह ज़हर दवा समझकर पी ले.' लहानूजींनी बोट फिरवलं. "पण... त्याचा पोट्टा... भलताच चालू निघाला. तोंडात एक, पोटात एक."

"कोणाचा पोट्टा?" एका मिलवाल्यानं विचारलं.

"नाव नाई लिहिलं," लहानूजी म्हणाले. "पुढं हाये. त्या पोट्ट्यानं... दर रविवारी... घरची टाकी धुवावी. आन् बापाले... मोटरसायकलवर बसवून... तेलीबांध्याच्या तलावावर... फिराले न्यावं. मूंगफलीसहित."

"एवढं लिहिलं हाये?" हरिदासला आता शंका आली. "गुरुजी तं दोनच शब्द बोलले."

"इंग्रजीत दोन. हिंदीत लांब होते. प्रशिकले विचार, तो शिकलेला हाये."

सगळ्यांनी प्रशिककडे पाहिलं. पडद्यावर ओर्विन बाटली हलवत उभा होता.

"हव," प्रशिक म्हणाला. "असंच लिहिलं आहे. मूंगफली पण."

लहानूजींच्या अंगात आता जोर आला. हरिदासनं विचारलं, सुनेनं जेवणात तिखट किती टाकावं. गुरुजींनी सांगितलं, म्हाताऱ्याला विचारून. कमलानं दारातूनच आपल्या नवऱ्याच्या पत्त्यांबद्दल विचारलं. गुरुजींनी पत्ते चुलीत घालायला सांगितले. कमला लगबगीनं घरी गेली. ओर्विननं तोवर नायकाला विष पाजलं होतं आणि तो पुलावर आडवा पडून तडफडत होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"माह्याबी एक सवाल हाये," कांताबाई म्हणाल्या.

कांताबाईंनी वीस वर्षांत गुरुजींना कधी काही विचारलं नव्हतं.

"विचारा त्याले. ज्या म्हाताऱ्यानं आपल्या वाढदिवसाले बाराक वाजेतोवर आंघोळ नाई केली, त्यानं टीव्हीपुढं बसावं का नाई?"

लहानूजींनी पडद्याकडे पाहिलं. आतापर्यंत घडाघड वाचणारं बोट अडखळलं. "ब... ब ले काना... बा..." ते थांबले. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "हे बारीक छापलं हाये," ते म्हणाले. "प्रशिक, तू वाच."

त्यांनी प्रशिककडे जे पाहिलं, त्या पाहण्यात बापाची सगळी आशा होती. प्रशिकला ते समजलं. त्यानं आईकडेही पाहिलं. तिनं कमरेवर हात ठेवले होते. एकवीस वर्षांच्या सवयीनं त्याचा आवाज आपोआप जड आणि म्हातारा झाला.

"गुरुजी म्हणतात," तो म्हणाला, "बसावं. दिवसभर बसावं. पण आधी आंघोळ करावी."

"ऐका!" कांताबाई म्हणाल्या.

हरिदासनं पुन्हा हात जोडले. मिलवाले लहानूजींकडे पाहत राहिले. गुरुजींचा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून वीस वर्षं ऐकला होता. तो आज हा कसा पाळतो, हे सगळ्यांना पाहायचं होतं.

लहानूजी उठले. दोरीवरचा टॉवेल ओढून खांद्यावर टाकला आणि न्हाणीघराकडे निघाले. दारातून वळून त्यांनी प्रशिकला जवळ बोलावलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मी येईपर्यंत त्या चोराले तोंड उघडू देऊ नको. मले सगळं वाचाचं हाये."