सारजाबाई घाट उतरल्या ती हकीकत

श्रीवाटदेव प्रसन्न. ज्याने चढ दिला त्यानेच उतार दिला, त्यास नमन करोन लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशें एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी घाटमाथ्याचे राज्यात सारजाबाई ढवळे यांस दवाखान्याचे जीपगाडीचे सारथ्य प्राप्त जाहले. बाईमाणूस गाडी हाकणार म्हणोन लोक हांसले. जुने सारथी केरोबा नाना नजर अधू जाहली म्हणोन पायउतार जाहले होते, ते शेजारी बसोन शिकवीत. नानांची रीत ऐसी की, उतार लागतांच गाडी न्यूट्रल करावी आणि आपले भाराने वाहू द्यावी, डिझेल वाचते. बाईंचे मनास रुचेना, परंतु वडील माणसाचा शब्द मोडवेना.

एके दिवशी दोन प्रहरी हौसा नामे गर्भिणी अडली, मूल आडवे, तीस घाटाखालील मोठे दवाखान्यात नेणे प्राप्त जाहले. मागे सासू तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि बाईंनी गाडी घाटास लाविली. नाना बोलिले, "न्यूट्रल कर." बाईंनी केली. मग गाडीने वेग घेतला, आणि वळणोवळणी ब्रेक दाबावा, आणि दाबितां दाबितां जळका वास सुटला, आणि पाचवे वळणी ब्रेक मऊ पडोन तळास गेला. सासू ओरडली, "अगं बाई, आवर!" नाना घाबरोन बोलिले, "किल्ली फिरव, इंजिन बंद कर!"

"नाना, स्टेअरिंग अडकले तर दरीत जाऊ. आता माझे मला पाहू द्या," ऐसे बाई बोलिल्या. मग क्लच दाबोन, इंजिनास जोर देऊन तिसरा गिअर घातला, आणि इंजिन गर्जले, आणि गाडीने हिसका खाऊन वेग तोडिला, मग दुसरा घातला, आणि हातब्रेक दमादमाने ओढीत पुढील चढाचे तुकड्यावर गाडी उभी केली. हौसा क्षीण स्वरे पुसती जाहली, "पोचू ना?" बाई बोलिल्या, "पोचू. आता गाडी इंजिनाने धरली आहे."

ब्रेक निवतांच दुसरे गिअरात सावकाश उतरोन दवाखाना गाठिला, आणि शस्त्रक्रिया होऊन हौसास कन्या जाहली, मायलेकी सुखरूप. नाना बाहेर बाकावर बसोन बोलिले, "पोरी, तीस वर्षे मी नशिबाने उतरलो."

दुसरे दिवशी नाना काठी टेकीत गाडीतळावर गेले आणि चार सारथ्यांपुढे आपली चूक आपले तोंडे सांगितली. तेव्हांपासोन त्या राज्यात उतारास गिअर सोडीत नाहीत. जाहले ते लिहिले.