मग मेलं कोण?

पोर पाजणं ही काय शिकायची गोष्ट आहे? बाळंत व्हायच्या आधी मी हे अख्ख्या मुकुटबनात सांगत फिरले! आई मेलेली शेळीची पिल्लं मी बोटानं दूध चाटवून जगवली होती. मग माणसाचं पिल्लू काय जड? बाबांना तर मी ठणकावून सांगितलं, “बाबा, तुम्ही फकत बारशाचं पाहा. पोट्ट्याचं मी पाह्यतो!”

एकसष्ट सालच्या वैशाखात मुलगा झाला. मूठभर देह आणि आवाज मोटारीच्या भोंग्यासारखा! छातीशी धरला की तोंड लावायचा, घोटभर घ्यायचा आणि पाठीची कमान करून असा किंचाळायचा, जणू मी त्याला कडुनिंबाचा काढाच पाजत होते. डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला, आडवा धरला, उभा धरला. तो लाल, मी लाल!

माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात बाईमाणूस म्हणजे मोठी माय मानीबाई, बाबांची थोरली वहिनी. बाळंतपणाच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे तहसीलदाराचा हुकूम. ती वाटी घेऊन माझ्यासमोर बसली.

“पीळ थोडं.”

“कायले?”

“दूध पाह्यतो. पोट्टं उगाच नाई बोंबलत. दुधातच खोट असन.”

मी वाटीत थोडं दूध पिळलं. मोठ्या मायनं भिंतीवरची एक मुंगी चिमटीत धरली आणि दुधात सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर वाईट! आम्ही दोघी वाटीवर वाकून बसलो. मुंगीनं पाय झाडले, एक गिरकी घेतली आणि निवांत पडली.

“जहर!” मोठी माय ओरडली. “इंदे, आता लेकराले थेंब देशीन त माह्याशी गाठ हाय!”

झालं! पोर माझ्याजवळून उचललं. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून मोठी माय त्याच्या ओठांवर धरायची. तो अर्धं गळ्यात घ्यायचा, अर्धं मानेवर सांडायचा आणि जे पोटात जाई तेही ओकून टाकायचा. इकडे माझी छाती भरत चालली. आधी जड झाली, मग तापली, मग जात्याच्या तळीसारखी कडक! हात खाली घेता येईना. अंगात ताप भरला. खाटेवर दोन्ही हात पसरून मी शेतातल्या बुजगावण्यासारखी बसले.

पोराचं रडणं कमी झालं.

“पाह्य, शांत झालं का नाई?” मोठी माय खूश झाली.

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर टाळू आत गेलेली. ओठ वाळलेले. तो शांत नव्हता झाला, त्याच्यात रडायचं बळ उरलं नव्हतं. मोठी माय विहिरीवर गेली तशी मी त्याला ओढून घेतला. म्हटलं, जहर तर जहर! पण छाती इतकी ताठ झाली होती की त्याला पकडताच येईना. तोंड लावायचा, घसरायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा घसरायचा. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि तोंड बाजूला केलं. बाया हो, किंचाळत होता तेव्हा मी वैतागत होते. आता वाटलं, एकदा किंचाळ रे बापा!

हे बाबांना कळलं तेव्हा पांढरकवड्याला जाणारी दिवसाची एकुलती मोटार निघून गेली होती. “उद्या सकायच्या मोटारीनं दवाखान्यात नेऊ,” बाबा म्हणाले. “जवाईबापूले निरोप धाडतो. सोबत माणूस पाह्यजे.”

सासर माझं त्याच वाटेवर, रस्त्याला लागून. तांड्यावरचा रूपसिंग लाकडांचा ट्रक घेऊन निघालाच होता. बाबांनी त्याला सांगितलं, “आमच्या नानाजी व्याह्याले सांगजो, पोट्टं पेत नाई. लवकर या म्हणा.”

रूपसिंग सरळ माणूस. पण त्याचा ट्रक एकदा थांबला की पुन्हा सुरू करायला अर्धा गाव ढकलायला लागायचा! त्यामुळं तो कुठं थांबतच नसे. सासरे नानाजी रस्त्याकडेच्या वावरात उभे दिसले. रूपसिंगनं खिडकीतून डोकं काढलं आणि चालत्या ट्रकातून ओरडला, “नानाजी! पोट्टं पेत नाई! लवकर या!” नेमकं ‘पेत’ म्हणताना इंजिन खोकललं. नानाजींना ऐकू आलं ते एवढंच, “पोट्टं… नाई! लवकर या!”

ते तिथेच मटकन खाली बसले. हे सगळं मला मागून कळलं.

दुपार कलली होती. मी तापात पडले होते. अचानक वेशीकडून हंबरडा आला. बायकांचा! जवळ येऊ लागला तसा वाढत गेला, कारण वाटेतल्या घराघरांतल्या बाया कोण गेलं हे न विचारताच त्यात सामील होत होत्या. मी भिंत धरून दारात आले. पाहते तर पुढं माझी सासू तानाबाई, केस मोकळे, छाती पिटत येते आहे. मागं नानाजी, तोंडावर पंचा. आणि आमचे हे? हे कुठंच नाहीत!

म्हणजे गेले ते हेच!

“गेला वं माह्या घरचा दिवा!” सासूनं टाहो फोडला.

“मले टाकून कसे गेले हो!” मीही गळा काढला.

तानाबाई म्हणजे कापसानं गच्च भरलेला बोरा. लग्न झाल्यापासून तिनं मला कधी जवळ घेतलं नव्हतं. तिनं त्या दिवशी घेतलं! प्रेसमध्ये कापसाची गाठ दाबतात तसं मला कवटाळलं आणि डावी-उजवीकडे झुलायला लागली. छातीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी आणखी जोरात ओरडले. तिला वाटलं दुःख अनावर झालं, म्हणून तिनं आणखी घट्ट दाबलं!

तेवढ्यात या गलक्यानं दचकून आत मोठ्या मायच्या मांडीवर पोर रडलं. बारीक, चिरक्या आवाजात.

सासूचा हंबरडा अर्ध्यावरच थांबला.

“हे कोण रडते?”

“तुमचा नातू. दुसरं कोण?” मोठी माय आतून म्हणाली.

सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

“मंग मेलं कोण?”

“आत्याबाई, हे… हे गेले ना?”

“घनश्याम? अवं, तो बाहीर बैल सोडून राह्यला!”

वाड्यात जमलेल्या बायांना आता रडावं की घरी जावं हे कळेना. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, छातीतली कळ ओसरली होती. माझी चोळी आणि सासूचं लुगडं दुधानं चिंब! मी धावत आत गेले आणि पोर घेतलं.

“इंदे, जहर हाय ते!” मोठी माय आडवी आली.

“कशाचं जहर?” सासूनं विचारलं.

“मुंगी मेली ना त्याच्यात.”

“दुधात बुडवल्यावर ते मरन नाई त का पोहत येईन?”

मोठी माय वाटेतून बाजूला झाली. पोर एकदा घसरलं, दोनदा घसरलं, आणि मग त्यानं पकडलं. गुटुक. पुन्हा गुटुक. भरलेल्या घरात तेवढाच आवाज. सासू खाली बसली, त्याचं पाऊल मुठीत धरलं. हळूच म्हणाली, “माहे दोन असेच गेले, घनश्यामच्या आंधी. असेच वाळून. तवा मले कोणी जवळ नाई घेतलं वं.” मी तिच्या खांद्याला टेकले.

एवढ्यात हे दारात आले. माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि हातातलं फावडं झटकन पाठीमागं लपवलं. लपतंय कुठं? दांडा डोक्याच्या वर!

“फावडं कायले आणलं हो?” मी विचारलं.

हे आढ्याकडे पाहू लागले. “काई नाई… रस्त्यात चिखल असला, बंडी फसली, त…”

वैशाखात! जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि म्हणे चिखल!

“बरं केलं,” मी म्हटलं. “आता ते बंडीत ठेवून या.”

हे गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा डोळे लालभडक. विचारलं तर म्हणाले, “धूळ गेली.”

तेवढं मात्र मी खरं धरलं. वैशाखात धूळ असतेच!