शिऱ्याची पेशी

मृण्मयीनं आयुष्यात पहिल्यांदाच आजोबांकडे अभ्यासातलं काहीतरी मागितलं, तेव्हा शिवराजमास्तर हरखले आणि लगेच घाबरले. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर फळ्यावर रंगीत खडूनं पेशी काढली होती. शाळा गेली, फळाही गेला. आताची पेशी तीच राहिली असेल का, कोण जाणे.

"पेशीचं मॉडेल एडिबल पाहिजे, आजोबा. उद्या सबमिट करायचंय."

मलकपेठेतल्या घराच्या स्वयंपाकघरात मास्तरांनी खोलगट ताट शोधून शिरा थापला. मधोमध पेढा, म्हणजे केंद्रक. भोवती शेवयांची जाळी. तंतुकणिकांसाठी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांसाठी, मात्र मनासारखं काही मिळेना. शेवटी त्यांनी चिंचोके धुऊन शिऱ्यात खोचले.

"हे खातात का?"

"भाजून खायचो आम्ही लहानपणी."

"जाऊ द्या, खायचंय कोणाला!" म्हणत मृण्मयी क्लासला पळाली. मास्तर जरा आडवे झाले.

उठून पाहतात तर ताट गायब.

"ते खालच्या पद्मावतीचं होतं," मास्तरांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्यांच्या उगादीच्या सणाला पोळ्या आल्या होत्या त्यातून. आज न्यायला आली. रिकामं ताट कसं परत करू? बरं झालं, तुम्ही शिरा करून ठेवला होतात."

"अगं, ती पेशी होती!"

"वास तर शिऱ्याचाच येत होता."

मास्तर उलटसुलट चपला घालून जिना उतरले. खाली पद्मावतीचे यजमान अप्पाराव चमचा चाटत बसले होते. चष्मा कपाळावर, कवळी वाटीत.

"मास्टरसाब! भाभींच्या हातचा शिरा एक नंबर. पेढा एकच होता, मीच घेतला."

"आणि चिंचोका?"

"चिंचोका? मैं तो खजूर समझके निगल गया!"

"मी माझे काढून ठेवले," पद्मावती संकोचून म्हणाली. "वाटलं, तुम्हा मराठी लोकांची काही पद्धत असेल."

अप्पारावांचा हात पोटावर गेला. "झाड तो नहीं उगेगा ना?"

तेवढ्यात क्लासहून आलेली मृण्मयी दारातच थबकली. रिकामं ताट पाहून तिचे डोळे भरले. संपलं, मास्तरांना वाटलं. आता ही पुन्हा कधी काही विचारणार नाही. तिच्याकडे बघवेना, म्हणून ते अप्पारावांशीच बोलू लागले.

"घाबरू नका. दोनशे कोटी वर्षांपूर्वी असंच झालं असावं म्हणतात. एका पेशीनं दुसरीला गिळलं, आणि पचवायचं राहून गेलं. गिळलेली आतच नांदली, घराला ताकद पुरवू लागली. तीच आपली तंतुकणिका. अजून तिचा स्वतःचा वेगळा डीएनए आहे."

"म्हणजे मायटोकॉन्ड्रिया आपल्यासारखाच!" मृण्मयी डोळे पुसत म्हणाली. "हैदराबादनं आपल्याला गिळलं, पण घरात आपण मराठीच बोलतो."

उदगीरहून एक वळकटी घेऊन या शहरात उतरलेले वडील मास्तरांना आठवले. ते हिशेब उर्दूत करायचे आणि रागवायचे मराठीत. इतकी वर्षं शिकवलं, पण ही गोष्ट त्यांना कधी सुचली नव्हती.

"तुम्ही वर्गात असंच सांगायचात?"

"छे गं. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो."

"मग मॉडेल राहू दे. मी उद्या हेच सांगते. परत एकदा सांगा, रेकॉर्ड करते." तिनं फोन समोर धरला.

मास्तर घसा खाकरून सवयीनं भिंतीकडे वळले. अप्पारावांनी त्यांना खांद्याला धरून फिरवलं.

"इधर देखके बोलो, मास्टरसाब. पोट माझं आहे."