चिकट टायर आणि मिस ओपलचा केक

"ड्रॅग रेडियलवर रोजची गाडी चालवता येत नाही असं जो म्हणतो ना, त्याला मुळात गाडीच चालवता येत नाही!"

हे वाक्य वेंडेल टॅकेट ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये म्हणायचा, न्हाव्याच्या खुर्चीत म्हणायचा, आणि चर्चमध्ये प्रवचन लांबलं की शेजाऱ्याच्या कानातही म्हणायचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्याच्या काळ्या मस्टँगला मागे टाकणारी गाडी नव्हती. त्याचं श्रेय तो इंजिनाला नाही, मागच्या दोन टायरना द्यायचा. तेच ते ड्रॅग रेडियल: टायर शर्यतीचे, पण रस्त्यावर चालवायला कायद्याची परवानगी असलेले. रबर इतकं मऊ, की तापलं की रस्त्याला गोंदासारखं चिकटावं! नक्षी मात्र नावापुरती. पाणी बाहेर काढायला खाचाच नाहीत म्हटल्यावर पावसात काय होणार ते सांगायला नको.

पण वेंडेलला बेफिकीर म्हणाल तर पाप लागेल. शर्यतीसाठी तो टायरमधली हवा कमी करायचा आणि घरी निघायच्या आधी मोजून परत भरायचा. कडक थंडीत गाडी बाहेरच काढायचा नाही, कारण गारठ्यात ते रबर लाकूड होतं. आणि पाऊस आला की काटा पंचवीस मैलांच्या वर नाही म्हणजे नाही! साक्षात राज्यपाल मागे बसले असते तरी नाही.

त्याच्या बायकोला, डार्लाला, हे सगळं पाठ होतं आणि यातलं काहीही पटत नव्हतं. म्हणूनच चर्चच्या होमकमिंगच्या रविवारी नेमकी तिची व्हॅन बंद पडली, तेव्हा ती अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. होमकमिंग म्हणजे गाव सोडून गेलेले सगळे परत येणार, अंगणात टेबलं मांडून जेवणार. आणि त्या टेबलावर डार्लाच्या आईचा, सगळं गाव आदरानं मिस ओपल म्हणतं त्यांचा, नारळाचा केक आल्याशिवाय पास्टर प्रार्थनेला तोंड उघडत नाहीत, ही गावाची रीत. थरावर थर, वर खोबऱ्याचा शुभ्र कीस. ऐंशी ओलांडलेल्या मिस ओपल तो अजून एकट्या करायच्या, आणि करताना स्वयंपाकघरात कोणाला फिरकू द्यायच्या नाहीत.

"आपण आहोत की! मस्टँग काढतो," वेंडेल म्हणाला.

"त्या टायरवर? मम्माचा केक?"

"डार्ला, पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही!"

"ठीक आहे. केकचा एक थर जरी सरकला, तर गाडी विकायची. आणि ते टायर मागच्या पिकॅनच्या झाडाला टांगायचे. शेजारच्या पोरांना झोका!"

वेंडेलनं एकदा मस्टँगकडे पाहिलं. पण तोंडातून शब्द गेला, "मान्य!"

मिस ओपल पुढच्या सीटवर बसल्या. काळा झगा, काळी जाळीची टोपी, मांडीवर पांढरा खोका. डार्ला मागे अंग चोरून बसली, आणि स्वारी निघाली.

पहिला मैल झकास गेला. मग आला काउंटीनं आदल्याच दिवशी डांबर ओतून खडी पसरलेला रस्ता. चिकट टायर ते! त्यांनी दिसेल तो खडा उचलला आणि पत्र्यावर आतून भिरकावला. फट्! फटाक्! फट्!

"वेंडेल, कोणाशी वैर घेतलंयस का रे?" मिस ओपलनी केकवर हात धरला. "आपल्यावर गोळ्या झाडतायत!"

"खडी आहे, मिस ओपल. टायर मऊ आहेत ना, उचलतात."

"मग खाली ठेवायला सांग त्यांना!"

खडी संपली आणि पाऊस सुरू झाला. साधासुधा नाही, बादल्या उपडी केल्यासारखा. वेंडेलनं क्षणात काटा पंचवीसवर आणला, पुढचे दिवे लावले, मागचे पिवळे दिवे लुकलुकवले आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसला.

"वेंडेल," डार्ला मागून म्हणाली, "आत्ता एक गोगलगाय आपल्या पुढे गेली."

"जाऊ दे. तिचे टायर वेगळे आहेत."

अरुंद, वळणावळणाचा रस्ता. मागे एक पिकअप ट्रक आला. त्यानं एकदा भोंगा वाजवला. त्याच्यामागे दुसरी गाडी, तिसरी गाडी, बघता बघता रांग लागली. वेंडेलचे कान लाल झाले, पण काटा हलला नाही.

इतक्यात समोरून येणारा एक म्हातारा शेतकरी आपला ट्रक कडेला घेऊन थांबला. भर पावसात खाली उतरला. टोपी काढून छातीशी धरून उभा राहिला.

"बघ, बघ!" वेंडेल हरखला. "याला म्हणतात गाडीची किंमत कळणं!"

मग दुसरी गाडी कडेला गेली. मग तिसरी. एक बाई फाटकाशी मान खाली घालून उभी राहिली. मागच्या पिकअपवाल्यानं भोंग्यावरचा हात काढला आणि गपचूप स्वतःचे दिवे लावले. त्याचं बघून मागच्या सगळ्यांनी लावले.

डार्लानं कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या देवा! वेंडेल, गाडी काळी! दिवे लावलेले! मागे रांग! आणि पुढे काळ्या टोपीतली म्हातारी मांडीवर खोका घेऊन! लोकांना वाटतंय, आपल्याकडे कोणीतरी गेलंय!"

आता त्या भागात दिवे लावून हळू जाणाऱ्या अंत्ययात्रेच्या गाड्या दिसल्या की थांबायचं, टोपी काढायची, आणि रांगेत सापडलात तर ती ओलांडायची नाही, हे माणूस चालायला लागायच्या आधी शिकतो. कितीही घाई असो. भांडण असलेल्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा थांबतात.

"थांब आणि सांग त्यांना!" डार्ला ओरडली.

"थांबू कसा? चढ लागलाय! ओल्या चढावर थांबलो तर हे टायर जागच्या जागी फिरत बसतील. मग धक्का, मग केक काचेवर!"

"कोण गेलं गं?" मिस ओपलनी विचारलं.

"कोणी नाही मम्मा!"

"असं कसं कोणी नाही? एवढी माणसं उगाच भिजतायत?" मिस ओपलनी पर्समधून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. "कोण का असेना, माणूस भला असणार. माणसं बघ किती आलीत!"

चढाच्या माथ्यावर चौक होता, आणि सिग्नल लाल. त्यात चौकात उभा होता काउंटीचा पोलीस, डेप्युटी गेंट्री! शाळेपासूनचा दोस्त, पण वर्दी चढल्यापासून वेंडेलला वेगासाठी पकडायला टपलेला. त्यानं रांग पाहिली, आपली गाडी चौकात आडवी घातली, चारी बाजूंची वाहतूक थांबवली आणि वेंडेलला कडक सलाम ठोकला! मग निळे दिवे लावून स्वतःच पुढे निघाला. पंचवीसच्या वेगानं.

वेंडेलला हसावं की रडावं कळेना. कोणासाठी हे विचारल्याशिवाय एवढी माणसं पावसात उभी राहत होती. आपलं गाव त्याला त्या क्षणी इतकं आवडलं, की समोरची काच धूसर दिसू लागली, आणि ती काही पावसानं नव्हे.

चर्चच्या आवारात काळी मस्टँग शिरली आणि तिच्यामागे निम्मी काउंटी. पास्टर छत्री घेऊन धावत आले. गेंट्रीनं हॅट काढली, मिस ओपलचं दार अदबीनं उघडलं. खोका पाहिला, त्यात अस्थी आहेत असं समजला, आणि त्याचा आवाज भरून आला.

"मिस ओपल, काय बोलू? आणा, मी नेतो त्यांना आत."

"ने. पण सरळ धर हं बाळा. तिरका झाला की खोबरं एका बाजूला जातं."

गेंट्री खोका हातात घेऊन जागच्या जागी थिजला.

"खोबरं?"

वेंडेल उतरला आणि सगळ्यांसमोर एका दमात सांगून मोकळा झाला. कोणी मेलं नाही. केक आहे. टायर शर्यतीचे आहेत. पाण्यात धरत नाहीत, म्हणून हळू चालवली.

गेंट्रीनं वाकून टायर पाहिले. खडे, पाचोळा, आणि कोणाच्या तरी निवडणुकीचं एक पत्रक, सगळं चिकटलेलं. तो सावकाश उठला.

"टॅकेट, तुझं चलान फाडायचं माझं स्वप्न आहे. पण देवाशपथ सांगतो, आज या रस्त्यावर तुझ्याइतकी नीट गाडी कोणी चालवली नाही."

"कोणी मेलं नाही ही तर आनंदाची गोष्ट!" पास्टर म्हणाले. "आत चिकन गार होतंय. सगळे चला!"

आणि सगळे गेले! पिकअपवाल्यानं भोंग्याबद्दल मिस ओपलची माफी मागितली, तेव्हा केकचा पहिला तुकडा त्यालाच मिळाला. त्याआधी डार्लानं खोका उघडून केकभोवती एक फेरी मारली होती. थर जिथल्या तिथे. खोबऱ्याचा कीससुद्धा हलला नव्हता.

"राहू दे तुझी गाडी," ती हळूच म्हणाली आणि वेंडेलच्या दंडाला धरून उभी राहिली. वेंडेल फुलला नाही असं कसं म्हणू?

पुढच्या शनिवारी ट्रॅकवर चुरशीची शर्यत होती. आता मिस ओपलसुद्धा बघायला आलेल्या. वेंडेलनं टायर धूर निघेपर्यंत तापवले, गाडी रेषेवर आणली. माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि गॅलरीतला एकूण एक माणूस उठला, टोपी काढून छातीशी धरली, मान खाली घातली!

वेंडेलला भरून आलं. चांगल्या घरचा माणूस! त्यानंही हेल्मेट काढलं आणि मान लववली. वर पाहतो तर दिवा कधीच हिरवा झालेला, शेजारची गाडी दिसेनाशी झालेली.

मग त्यानं पुढचे दिवे लावले, मागचे लुकलुकवले आणि उरलेला ट्रॅक पंचवीसच्या वेगानं पार केला.

गॅलरीत मिस ओपलनी रुमाल काढला. "कोण गेलं गं?"

"वेंडेलची शर्यत, मम्मा."

"अगं बाई!" मिस ओपलनी डोळे टिपले. "पण माणसं बघ किती आलीत!"